'जॅक अँड जिल'मधलं वॉटर आणि आफ्टर हे यमक कसं काय?

मुलीला 'जॅक अँड जिल' शिकवताना वॉटर-आफ्टर जुळेना म्हणून तुम्ही विचारलंय की इंग्लिशमध्ये यमकाला काही नियम आहे की नाही. आहे हो, पण तो स्पेलिंगवर नाही, कानावर चालतो. शब्दात ज्या स्वरावर जोर येतो तिथपासून शेवटपर्यंत सारखं ऐकू आलं पाहिजे, त्याच गाण्यातलं जिल-हिल, डाउन-क्राउन बघा. वॉटरची भानगड अशी की जुन्या उच्चारात तो 'वॉ' नव्हता, 'वा'च्या जवळ होता, वाटर-आफ्टर असं म्हणून बघा, बऱ्यापैकी जमतंय ना? याच यमकावरून काही अभ्यासक गाणं सतराव्या शतकातलं असावं म्हणतात. उच्चार बदलला, गाणं राहिलं तिथंच. (आपल्याकडे कुणी वाटर म्हणालं की आपण हसतो, असो.) शेक्सपिअरचंही तेच, १६०९ साली छापलेल्या त्याच्या सॉनेटमध्ये (म्हणजे चौदा ओळींच्या कविता) ११६ वं प्रूव्ह्ड आणि लव्ह्ड वर संपतं, आज ते फक्त डोळ्यांना जुळतं.

उलटंही होतं. 'डॉक्टर फॉस्टर' या बालगीतात Gloucester हे इंग्लंडमधलं गाव येतं, ते मी शाळेत वर्गासमोर उभं राहून ग्लाउसेस्टर असं मोठ्यांदा वाचलं होतं, बाई हसू आवरत म्हणाल्या अरे ग्लॉस्टर, फॉस्टर-ग्लॉस्टर! तेव्हा कळलं की यमकच उच्चार सांगत होतं, मी मात्र स्पेलिंग बघत बसलो.

आणि सगळीकडे पक्कं यमक असतंच असं पण नाही. 'बा बा ब्लॅक शीप'मध्ये डेम आणि लेन आहे, म आणि न वेगळे, फक्त मधला 'ए' सारखा, पण पोरांना खटकत नाही. आपलं 'पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा' तसंच की, ट आणि ठ वेगळे आहेत हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

रॅपवाले हेच करतात, फक्त जास्त बेरकीपणे. ऑरेंजला यमकच नाही असं लोक म्हणतात त्याचा एमिनेमला राग, २०१० च्या एका टीव्ही मुलाखतीत त्याने ऑरेंजला डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज, जॉर्ज असे जोडून दाखवले होते. म्हणताना शब्द थोडे वाकवायचे, स्वर जुळवायचे, बाकीचं ठेका सांभाळून घेतो.

तुमची मुलगी वाटर म्हणाली तर घरी म्हणू द्या, टीचरसमोर मात्र वॉटरच.