प्रोबायोटिक देऊनही पिल्लांची हगवण का थांबत नाही?

प्रश्न: ब्रॉयलरच्या प्रत्येक लॉटला पहिल्या दिवसापासून पाण्यातून प्रोबायोटिक देतो. टाकीत ब्लीचिंग पावडर असते, पहिले तीन दिवस अँटिबायोटिकही चालू असते. तरी दुसऱ्या आठवड्यात हगवण लागतेच. कंपनी बदलू का? की ताक पाजू?

उत्तर: कंपनी बदलण्याआधी टाकी बघा. प्रोबायोटिकमधले जिवंत, उपकारक जिवाणू पिल्लाच्या आतड्यात पोचण्याआधीच ब्लीचिंगने मरतात. त्यातून वाचलेच, तर अँटिबायोटिक मारते.

आतड्याच्या आतून बारीक अंकुर असतात आणि त्यांवर बुळबुळीत थर. लॅक्टोबॅसिलस हा उपकारक जिवाणू आपल्या अंगावरच्या प्रथिनांनी हा थर पकडतो. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगजंतू केसासारख्या तंतूंनी पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला चिकटतात. बसमधल्या सीटसारखा हा मामला आहे, आधी चढेल त्याला जागा. शिवाय लॅक्टोबॅसिलस आम्ल तयार करतो, ते रोगजंतूंना मानवत नाही. हॅचरीतल्या पिल्लाला कोंबडीचा सहवास नसतो, त्यामुळे तिच्याकडून मिळणारे जिवाणूही मिळत नाहीत. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी 1973 मध्ये निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला अंश लहान पिल्लांना पाजला, तेव्हा साल्मोनेलाला त्यांच्यात थारा मिळेना. हा प्रयोग शेडवर मात्र करू नका, जुन्या पक्ष्यांच्या विष्ठेतून रोगही येतात.

ताकाचं म्हणाल, तर त्याने नुकसान नाही. पण चिकटण्याची ही खुबी ज्या त्या प्राण्याच्या जिवाणूंत असते. विरजणातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यात फारसे टिकत नाहीत, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. विकतचेही बरेचसे काही दिवसांत विष्ठेवाटे निघून जातात, तेव्हा एकदाच देऊन भागत नाही.

प्रोबायोटिकसाठी बिनक्लोरिनचं स्वच्छ पाणी वेगळं काढा. ते नसेल तर, लसीच्या वेळी करतो तसं, क्लोरिनचा जोर मोडायला 100 लिटरला 250 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर अर्धा तास आधी मिसळा. पिल्लं दोन-तीन तासांत संपवतील एवढंच पाणी करा. नंतर पाण्याची निपल लाइन धुऊन ब्लीचिंग पुन्हा सुरू करा, ते कायमचं बंद करायचं नाही.

सवयीने दिलं जाणारं तीन दिवसांचं अँटिबायोटिक बंद करा. पशुवैद्यकांनी सांगितलं तरच द्या, आणि कोर्स संपल्यावर लगेच प्रोबायोटिक सुरू करा. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर कोंबड्यांसाठी 2019 पासून बंदीच आहे.

विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सीचा (आतड्यातल्या परजीवींचा रोग, कॉक्सिडिओसिस) संशय धरा, तिथे प्रोबायोटिकवर वेळ घालवू नका. त्याच दिवशी नुकतं मेलेलं पिल्लू शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि ड्रिंकरखालचं ओलं तूस बदला.