रविवार कारंजाचं दुकान, अंबडचं गोडाऊन आणि कॅमेऱ्यांची दोन कोटेशन

तुमचं हार्डवेअरचं दुकान नाशिकला रविवार कारंजावर आणि गोडाऊन अंबड एमआयडीसीत. एकाने कोटेशनमध्ये 5 मेगापिक्सेलचे 16 कॅमेरे आणि 1 टीबीची डिस्क दिली, दुसऱ्याने 2 मेगापिक्सेलचे 8 कॅमेरे, आणि रक्कम जवळपास सारखीच. कुठलं घेऊ, असं विचारलंय. मी सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये हीच कामं करतो. माझं मत: 16 वालं कोटेशन बाजूला ठेवा.

कारण ती डिस्क. 5 मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.265 वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) सेकंदाला साधारण 3 ते 4 मेगाबिट लिहितो, म्हणजे दिवसाला 32 ते 43 जीबी. असे सोळा म्हटल्यावर 1 टीबी दोन दिवसही पुरत नाही, जुनं पुसून नवं लिहायला लागते. गोडाऊनमधला माल कमी झालेला कधी कळतो? महिनाअखेरीस, स्टॉक मोजताना. तोवर ते रेकॉर्डिंग कुठलं राहायला! हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर, असं सेटिंग करता येतं. गोडाऊनला ते चालेल, पण रविवार कारंजाला शटरसमोरची हालचाल थांबते कधी? 2 मेगापिक्सेलचे 8 कॅमेरे 2 मेगाबिटने लावले तर दिवसाला 170 जीबीच्या आसपास, 30 दिवसांचे 5 टीबीहून थोडे जास्त. म्हणजे एकूण 6 टीबी लागेल, दोन ठिकाणी विभागून. आणि डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच मागा, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

आता लेन्स. याबद्दल कोणी विचारतच नाही, आणि खरी गोम इथेच आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायला दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे 250 पिक्सेल हवेत, असं धरतात. 2 मेगापिक्सेलमध्ये आडवे 1920 पिक्सेल, म्हणजे जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंदी पकडायची. सगळे जण डोळे झाकून जी 2.8 एमएमची लेन्स लावतात, ती एवढी रुंदी तीन मीटरवरच व्यापते. त्यापलीकडे माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. 6 एमएमने हेच अंतर सातेक मीटरपर्यंत जातं. म्हणून आधी कागदावर दुकानाचा नकाशा काढा आणि प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लिहा: इथे चेहरा हवा, की नुसती वर्दळ, की गल्ल्यावरचे हात. गल्ल्याचा कॅमेरा छताला नको, सात-आठ फुटांवर तिरका लावा. बारा फुटांवरून सगळ्यांच्या टोप्या आणि टकलं तेवढी छान रेकॉर्ड होतात.

दाराकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला 120 डीबीचा खरा डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) बघूनच घ्या. बाहेर ऊन, आत सावली. तो नसेल तर येणारं गिऱ्हाईक काळी आकृती होतं. डेटाशीटमध्ये 'डिजिटल डब्ल्यूडीआर' लिहिलं असेल तर ते धरू नका.

अंबडच्या गेटवर रात्री ट्रकचा नंबर हवा असेल तर त्याला वेगळाच कॅमेरा लागतो. साध्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात बघायला तो सोडतो तो न दिसणारा प्रकाश, नंबर प्लेटवर आपटून परत येतो, वर हेडलाइट. प्लेटच्या जागी पांढरा चौकोन. त्या वेगळ्या कॅमेऱ्याला अरुंद कोनाची लेन्स, शटर स्पीड वाढवलेला, रोख फक्त प्लेटवर. ड्रायव्हरसाठी दुसरा.

वायफाय कॅमेरे घरी ठीक, धंद्याला नकोत. पीओई घ्या: एकाच केबलमधून वीज आणि डेटा, 100 मीटरपर्यंत. केबल अस्सल तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो. बाहेरचे सगळे जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये. उघड्यावर टेप गुंडाळून सोडले तर पहिल्या पावसाळ्यातच हिरवे पडतात. एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), नेटवर्क स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत, लाइटचं आपल्याकडे सांगता येत नाही. एनव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर आधी तोच उचलतो. माळ्यावर कुलपात ठेवा.

'स्टॉक क्लिअरन्स'मध्ये कोणी स्वस्तात देत असेल तर सावध राहा. 9 एप्रिल 2025 पासून केंद्राने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. ब्रँडवर जाऊ नका, त्याच मॉडेल नंबरचं एसटीक्यूसीचं (केंद्राची चाचणी संस्था) प्रमाणपत्र मागा. 2016 मध्ये मिराई व्हायरसने फॅक्टरी पासवर्डवर सोडलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते; तेव्हा पासवर्ड बसवणाऱ्यासमोरच बदला आणि ॲडमिन लॉगिन स्वतःकडे ठेवा.

घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेट करून घ्या. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेजसोबत हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारा आकडा) प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात वेळ वीस मिनिटं पुढे असेल तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

दुसऱ्या कोटेशनवाल्याला सांगा: प्रत्येक कॅमेऱ्याची लेन्स, 30 दिवसांचं रेकॉर्डिंग आणि केबलचा प्रकार बिलावर लिहून दे. काम संपल्यावर रात्री नऊनंतर दोन्हीकडचं फुटेज मोबाइलवर नाही, मोठ्या स्क्रीनवर बघा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.