डुमिंग, दोमिंगोस, डॉमिनिक: माणूस एकच

बाळाला आजोबांचं नाव द्यायचंय, पण आजोबा घरात डुमिंग, शाळेच्या दाखल्यावर डॉमिनिक आणि बाप्तिस्म्याच्या उताऱ्यावर दोमिनिकुस, मग खरं नाव कोणतं, असं तुम्ही विचारलंय. वसईकडच्या निम्म्या घरांत हा घोळ असेल. आमच्याकडे तर याच्यापायी वारसनोंद अडकली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थाचं आधी उरकतो. लॅटिनमध्ये दोमिनुस म्हणजे स्वामी, प्रभू. दोमिनिकुस म्हणजे प्रभूचा. रविवार हा प्रभूचा दिवस, म्हणून पोर्तुगीजमध्ये रविवार दोमिंगो, त्यावरून नाव दोमिंगोस, आणि आपल्या तोंडी त्याचंच डुमिंग. कोलंबसाला १४९३ मध्ये एक बेट रविवारी दिसलं, त्याचं नाव डॉमिनिका पडलं ते यामुळेच. रविवारी जन्मलेल्या मुलाला हे नाव द्यायची रीत होती, पण तेवढ्यावरून आजोबांचा जन्मवार ठरवू नका. आमचे डुमिंगआजोबा गुरुवारचे.

नाव जगभर गेलं ते संत डॉमिनिकमुळे. स्पेनमधल्या कालेरुएगा गावचा, जन्म ११७० च्या सुमाराचा. त्यानं काढलेल्या पाद्रींच्या संघाला १२१६ मध्ये पोपची मान्यता मिळाली, १२२१ मध्ये तो बोलोन्याला वारला आणि १२३४ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याचे डॉमिनिकन पाद्री पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडेही आले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही आहेत. दुसरा डॉमिनिक साव्हियो, इटलीतल्या डॉन बॉस्को या पाद्रींचा विद्यार्थी, १८५७ मध्ये अवघ्या चौदाव्या वर्षी गेलेला, १९५४ मध्ये संत झाला. त्यानंतरच्या पिढीतले बरेच डॉमिनिक या पोराच्या नावाचे असावेत, असा आपला माझा अंदाज. सणाचा दिवस मात्र वेगळा येतो: थोरल्याचा ८ ऑगस्ट (जुन्या कॅलेंडरात ४ ऑगस्ट), धाकट्याचा मे महिन्यात. बाळाचं नाव कोणत्या संताचं, ते फादरांना आधीच सांगून ठेवा.

नाव जुनाट वाटेल का, तर नाही. पोलंड, चेक देशात डॉमिनिक सर्रास आढळतो, अमेरिकेत २०१० च्या आसपास मुलांच्या पहिल्या १०० नावांत होता. फ्रान्समध्ये डॉमिनिक मुलीही असतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता कागद. जुन्या चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये असतील तर तिथं नावाला विभक्ती लागते, आणि आम्ही मेलो ते इथंच. वडिलांच्या नोंदीत लिहिलं होतं, 'आंतोनियुम'ला बाप्तिस्मा दिला, 'दोमिनिची'चा मुलगा. म्हणजे आंतोनला, डुमिंगचा. पण आजोबांच्या स्वतःच्या नोंदीत ते 'दोमिनिकुम', सातबारावर 'डुमिंग', मृत्यूच्या दाखल्यावर 'डॉमिनिक'. ज्या कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज दिला (नाव घेत नाही), तिथल्या बाबूंनी हे चार इसम धरले. दोमिनिची यांचा मृत्यूचा दाखला आणा म्हणाले! ते वारलेत की नाहीत, त्यांचे वारस कोण, हेही विचारलं. फादरांनी लेटरहेडवर व्याकरण समजावून दिलं, तर "चर्चचं पत्र चालत नाही". अहो, मग चर्चचा उतारा कसा चालला? पुढं साहेब बदलले, नवे साहेब फाइल मुळापासून बघू म्हणाले, आणि आमची फाइल पुन्हा तळाला. रामाला रामाने, रामाचा करणाऱ्या भाषेत जन्मलेल्या माणसांना हे कळू नये, याचा राग अजून येतो.

शेवटी चाललं ते प्रतिज्ञापत्र: सगळी रूपं उताऱ्यात आहेत तश्शीच, एकाच वाक्यात, 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' असं, सोबत गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या. त्यावर सुनावणी झाली आणि नोंद लागली. मी वकील नाही, तुमच्या तालुक्यात वेगळं सांगतील, तर तसं करा. पण कुणी 'राजपत्रात नाव बदलून घ्या' म्हणालं तर हात जोडा. ते हयात माणसानं स्वतःसाठी करायचं; गेलेल्या आजोबांचं काय बदलणार? चर्चच्या वहीत खाडाखोड करून घ्यायच्या भानगडीतही पडू नका. पुरावा तोच आहे.

बाळाचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत: जन्मदाखल्यावर 'डॉमिनिक'. घरी डुमिंग म्हणा, कोण अडवतंय. दोमिनिकुस वाचायला भारदस्त वाटतं, पण पोरगं आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसेल. इंग्रजी स्पेलिंग शेवटी 'सी' एकच ठेवा, 'सी के' नको, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही रकाने दाखला हातात घेण्याआधी तिथंच वाचून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायचीच, पण नाव ठरलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवून नंतर भरता येतो. वर्षाच्या आत भरलंत तर विलंब शुल्कही पडत नाही. तेव्हा सासर-माहेरचं भांडण मिटेपर्यंत घाईनं काहीतरी लिहून टाकू नका.