रोज सकाळी दुखणारे पोट

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखते, मळमळते. रविवारी मात्र काहीच होत नाही. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून काहीही दोष नसल्याचे सांगितले. सासूबाईंच्या मते ही नाटके आहेत. तिचे रडणे बघवत नाही म्हणून मी तिला घरी ठेवते. काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीचे पोट खरोखरच दुखत आहे, हे घरातील सर्वांनी आधी मान्य करावे. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते, छातीत धडधडते, पचनसंस्थेकडे जाणारे रक्त कमी होते आणि त्यामुळे पोटात कळ येते किंवा मळमळते. ‘मला काळजी वाटते’ असे सांगण्याइतके शब्द या वयात बहुधा नसतात, म्हणून मुलांची चिंता पोटदुखी, अपुरी झोप, चिडचिड किंवा तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे अशा रूपांत दिसते. रविवारी पोट दुखत नाही, यावरून ती खोटे बोलते असे ठरत नाही. भीती शाळेशी जोडलेली आहे, एवढेच त्यावरून कळते.

तरीही तिला घरी ठेवू नये. हे लिहिताना तुमचा जीव किती तुटत असेल याची मला जाणीव आहे. पण घरी राहताच दुखणे थांबते, शाळा टाळली म्हणूनच सुटका झाली असे तिच्या मनात पक्के बसते आणि दुसऱ्या दिवशी शाळा अधिकच अवघड वाटू लागते.

भीतीचे कारण सकाळच्या घाईत विचारू नका. संध्याकाळी शेंगा सोलताना ‘मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातेस?’ असे सहज विचारले, तर मूल अधिक मोकळे होते. मारहाण किंवा अपमान होत असल्याचे कळले, तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. तसे नसेल, तर वर्गशिक्षिकांच्या संमतीने काही दिवस वर्गाच्या दारापर्यंत, मग फाटकापर्यंत सोडायला जा, आणि निरोप थोडक्यात घ्या. ‘काही होत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तुला भीती वाटते हे मला कळते, आणि तरीही तुला जमेल’ असे सांगा.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा झोप-भूक बिघडली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. स्वतःला इजा करण्याविषयी ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका. शासनाच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

सासूबाईंनाही यात सामील करून घ्या. शाळा सुटताना त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, तर दुपारी आजी भेटणार आहे हा आधार तिला सकाळी घरातून निघतानाच मिळेल.