जाड शाफ्ट घालू का?

प्रश्न : आमच्या ट्रॉलरचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून पंख्यापर्यंत जाणारा फिरता दांडा, दुसऱ्यांदा तुटला. दोन्ही वेळा पंख्याच्या पुढ्यात, पंखा शाफ्टवर फिरू नये म्हणून बसवलेल्या चावीची खाच संपते तिथेच. शाफ्ट ५० मिमीचा आहे. टर्नर म्हणतो, ५५चा घाला. घालू का?
– एक नाखवा, वेसावे

उत्तर : नाखवा, तुटलेला तुकडा भंगारात देऊ नका. आधी त्याचं तोंड उजेडात पाहा. बराच भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा आणि उरलेला भाग खरबरीत असेल, तर भेग जुनी आहे. ती वाढत वाढत गेली आणि खरबरीत भाग तेवढा शेवटी तुटला. रेषा जिथून पसरलेल्या दिसतील तिथे मूळ. माझा संशय खाचेच्या पुढच्या कोपऱ्यावर आहे.

पंखा शाफ्टच्या टोकाला लटकतो, त्याच्या वजनानं शाफ्ट किंचित वाकतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. अर्ध्या फेऱ्यात उलट. मिनिटाला ५०० फेरे धरा, ३३ तासांत हे दहा लाख वेळा होतं! धारदार कोपऱ्यात हाच ताण दुप्पट-अडीचपट असतो. शिवाय खारं पाणी तिथे पोचलं, तर अगदी हलक्या ताणानंही भेग पडू शकते.

५५चा घातलात तर वाकण्याचा आणि पिळाचा ताण साधारण पाऊणपट होईल. पण बेअरिंग, कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड), पंख्याचं भोक, सगळंच बदलावं लागेल, आणि कोपरा तसाच राहिला तर तोही तिथेच तुटेल. म्हणून ५०चाच ठेवा. टर्नरला सांगा, खाचेच्या तळाच्या कोपऱ्यांना एक मिमीचा तरी रेडियस (गोलाई) दे. पुढचं टोक उभं न कापता चमच्यासारखं उतरतं वर आण, आणि खाच टेपरच्या, म्हणजे पंखा बसतो त्या निमुळत्या भागाच्या, जाड टोकाच्या अलीकडेच संपव. पंखा निळा रंग लावून टेपरवर बसवून पाहा. जाड टोकाला डाग नीट उमटलाच पाहिजे. पंख्याच्या पुढचं रबर सील नवं घाला.

कपलिंगची लाइन, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे होडी पाण्यात उतरवल्यावर पुन्हा तपासा. ओढून ठेवलेल्या होडीचा सांगाडा वेगळा बसतो.

दर वर्षी जून-जुलैच्या बंदीत पंखा काढून खाचेवर डाय टेस्ट (भेगेत मुरणाऱ्या लाल रंगाची तपासणी) करून घ्या. लाल रेघ दिसली तर शाफ्ट बदला. वेल्डिंग भरून तोच घालू नका. खोल पाण्यात तुटला तर पोरं होडीवर असतात.