ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला व्यायामाने ताकद येईल का?
नाही. दमेपर्यंत व्यायाम करून घेतला तर उलट नुकसानच होतं. स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या या जनुकीय आजारात स्नायूपेशींचं आवरण सांभाळणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळपास तयारच होत नाही, त्यामुळे जोर पडला की पेशी फाटतात. उठाबशा, वजनं, वारंवार जिने उतरणं टाळा. ('बदाम खाऊ घाला, पळवा त्याला' असं सांगणारे भेटतीलच, ऐकून सोडून द्या.) झेपेल तेवढं पोहणं मात्र चांगलं. टाचेमागची शीर आखडू नये म्हणून रोज हलका ताण द्या, रात्री स्प्लिंट (पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बांधा. याचा कंटाळा नको. स्टेरॉइड चालू असेल तर परस्पर एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. चालणं ठीक असलं तरी हृदयाची तपासणी दरवर्षी हवीच. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी कार्डासाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करून ठेवा.