‘सिवा’चा शिवाशी संबंध नाही, आणि ‘तौअलुङा’ म्हणजे कळस नव्हे, आढं

प्रश्न : न्यूझीलंडच्या ‘ब्लॅक ग्रेस’ या नृत्यसंस्थेबद्दल वाचताना कळलं की प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या, म्हणजे सामोअन, भाषेत नाचाला ‘सिवा’ म्हणतात. हा शब्द आपल्या शिवावरून, नटराजावरून गेला का? आणि तिथल्या ‘तौअलुगा’ या नाचाला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : नाही. ही सोयरीक जुळवणं आता पुरे. सामोअन ‘सिवा’ शेजारच्या टोंगा बेटांवर ‘हिवा’ होतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘गाणं’. सामोअन ‘स’च्या जागी टोंगन ‘ह’ येतो, हा नेमच आहे : नाक सामोआत ‘इसु’, टोंगात ‘इहु’. म्हणजे शब्द घरचा. उलट संस्कृत ‘शिव’ म्हणजे मंगल. त्यात नाचाचा मागमूस नाही, तो ‘नट’मध्ये आहे. सामोआत वस्ती झाली सुमारे २८०० वर्षांपूर्वी. बदामीचा अठरा हातांचा नटराज सहाव्या शतकातला. हिशेब तुम्हीच करा.

खरी गंमत ‘तौअलुगा’त आहे. आधी उच्चार : सामोअन रोमन लिपीतला ‘जी’ म्हणजे ‘ग’ नव्हे, वाङ्मयातला ‘ङ’. म्हणून ‘तौअलुङा’. (अमेरिकन सामोआची राजधानीही ‘पागो पागो’ नाही, ‘पाङो पाङो’.) आपल्या वर्णमालेत बिनकामाचा बसलेला ‘ङ’ इथे वापरा की!

‘लुङा’ म्हणजे वर. तौअलुङा हे मुळात घराच्या छपराच्या सर्वांत वरच्या भागाचं, बांधकामाच्या शेवटच्या टप्प्याचं नाव. त्यावरून समारंभाच्या शेवटच्या नाचाचं. गवताने असो वा उसाच्या पानांनी, शाकारणी वळचणीपासून वर चढते, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. दोन पाखी जिथे भेटतात त्या आढ्यावरची फट शेवटी बुजवायची. ती राहिली तर खालचं सगळं काम पाण्यात.

म्हणूनच ‘तौअलुङा म्हणजे कळस’ असं ठोकून देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कळस नसला म्हणून देऊळ गळत नाही! शब्द हवा ‘आढं’. ‘समारोपाचं नृत्य’ हे भाषांतर तर सरकारी परिपत्रकातलं वाटतं.

नाच पाहिला तरी हे पटेल. सरदाराची मुलगी, ‘तौपोउ’, हा नाच करते. डोक्यावर ‘तुइङा’ : माणसाच्या केसांचा, पिसांचा उंच मुकुट. मान हलली की तोल गेलाच. म्हणून गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान, आणि सगळं बोलणं मनगटांचं नि बोटांचं. भोवती ‘आइउली’ करणारे विदूषकी उड्या मारतात, म्हणजे मधली स्थिरता उठून दिसते. माझा तर्क विचाराल तर आढं ती, टेकू हे.

हां, ब्लॅक ग्रेस. नील इएरेमियांनी १९९५ मध्ये ती काढली. त्यांच्या ‘मिनोई’ या नृत्यरचनेत तौअलुङा शोधाल तर फसाल, तिथे पाया आहे ‘फआताउपाती’चा, पुरुषांनी स्वतःच्या अंगावर चापट्या मारत करायच्या नाचाचा. ‘पाती’ म्हणजे टाळी. आणि कृपा करून ‘पत्ती’ शोधत संस्कृतात जाऊ नका.